सवलतींचा हिशेब धारावीसमोर मांडा : मुख्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
आणि मंत्रिमंडळातील सर्व सदस्य

विषय : धारावी पुनर्विकास प्रकल्पाला दिलेल्या सवलतींचा जाहीर हिशेब आणि रहिवाशांची पात्रता

महोदय,

धारावीच्या पुनर्विकासाचा सरकारी तिजोरीवर काही भार नाही, खर्च कंपनी करणार आणि रहिवाशांना घरं फुकट मिळणार, असं आमच्या वस्तीतल्या सभांमधून आम्ही ऐकत आलो आहोत. मी आयुष्यभर लेखा विभागात नोकरी केली. चेक फाडला नाही म्हणजे खर्च झाला नाही, असं त्या टेबलावर मला कुणी शिकवलं नव्हतं. माफ केलेलं शुल्क हा खर्च असतो. कमी दराने दिलेली जमीन हाही खर्चच. आणि जादा बांधकामाचा हक्क, ज्याच्यासाठी मुंबईत बिल्डर कोट्यवधी रुपये मोजतात, तो तर सगळ्यांत मोठा खर्च. या प्रकल्पाला जनतेच्या मालकीचं काय काय दिलं आणि त्याची किंमत किती, याचा एकत्रित हिशेब माझ्या पाहण्यात आजवर आलेला नाही. तो मांडावा, ही या पत्रातली मुख्य मागणी. बाकीच्या मागण्या तिच्यातूनच निघतात.

माझा या विषयाशी संबंध काय, ते आधी सांगतो. वडील १९७२ च्या दुष्काळात सोलापूर जिल्ह्यातून मुंबईत आले आणि धारावीच्या लेबर कॅम्पात राहिले. आधी पत्र्याची खोली होती, मग विटांची झाली. धाकट्या भावाचं लग्न ठरलं तेव्हा वर माळा चढवला आणि बाहेरून लोखंडी शिडी लावली. खाली आई, मी, बायको आणि मुलगा. वर भाऊ, भावजय आणि त्यांच्या दोन मुली. गॅस दोन, मीटर एक. वीजबिल वडिलांच्या नावाचं होतं, ते गेल्यावर माझ्या नावावर आलं. खालचं घर १ जानेवारी २००० पूर्वीचं असल्यामुळे आम्हाला धारावीतच ३५० चौरस फुटांचं घर मिळेल. वरच्या मजल्याला मात्र, तो कितीही जुना असला तरी, धारावीत जागा नाही. भावाला मुंबईत दुसरीकडे ३०० चौरस फुटांचं घर, तेही भाडे-खरेदी योजनेत, म्हणजे भाडं भरत भरत पुढे मालकी. भावजय लेदरच्या पर्सला अस्तर शिवते. सकाळी शेठचा पोऱ्या कापलेले तुकडे आणून टाकतो आणि संध्याकाळी तयार माल मोजून उचलतो. नगावर पैसे. पोऱ्या पायी येतो म्हणून हे काम तिला मिळतं. बाहेरची घरं जिथे होणार, त्या मुलुंडला किंवा देवनारला तो येणार नाही.

मी पुनर्विकासाच्या विरोधात नाही, हे स्पष्ट लिहितो. सार्वजनिक संडासासमोर पहाटे रांग लावणाऱ्या बायकांना पुनर्विकास नको, असं म्हणण्याचा अधिकार मला नाही, इतर कुणालाही नाही. पावसाळ्यात गटाराचं पाणी उंबऱ्यावर आलं की आई अजूनही धान्याचा डबा आधी कॉटवर ठेवते. २००४ मध्ये सरकारने या प्रकल्पाला मंजुरी दिली. पुढे पाच सेक्टर पाडून जागतिक निविदा मागवल्या, २०११ मध्ये त्या रद्द झाल्या. २०१८ मध्ये पुन्हा निविदा निघाली, २०२० मध्ये तीही रद्द. २०२२ मध्ये आताची निविदा. या सगळ्या काळात गल्लीतल्या कुणी दरवाजा बदलायला काढला की शेजारी म्हणायचे, कशाला पैसे घालतोस, पाडणारच आहेत. त्या वाट पाहण्यात कितीतरी घरांची डागडुजी राहून गेली. तेव्हा आम्हाला विकासविरोधी ठरवून विषय मिटवू नका.

निविदेच्या कायदेशीरपणात मी शिरत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी निविदेविरुद्धची याचिका फेटाळली, आणि पुढचं न्यायालयाचं काम न्यायालय करील. माझा प्रश्न निविदेनंतर दिलं गेलं त्याबद्दल आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये अदानी समूहाची ५,०६९ कोटींची बोली सर्वांत मोठी ठरली. प्रकल्पाचा एकूण खर्च आता सुमारे ९६ हजार कोटी सांगितला जातो. या दोन आकड्यांच्या मधली रक्कम कुठून उभी राहणार? विक्रीच्या घरांतून, दुकानांतून, कार्यालयांतून आणि टीडीआर या विकता येणाऱ्या बांधकाम-हक्कांतून. म्हणजे सरकारने दिलेल्या जमिनीतून आणि बांधकामाच्या हक्कांतून. म्हणून त्या हक्कांची किंमत विचारणं हे विकासात खोडा घालणं होत नाही.

टीडीआरचं प्रकरण सामान्य माणसाला किचकट वाटतं, त्यामुळे त्यावर वस्तीत कुणी बोलत नाही. खरं तर ते समजायला सोपं आहे. घाटकोपरला एखाद्या बिल्डरला आपल्या प्लॉटवर मंजूर क्षेत्रापेक्षा जास्त बांधायचं असेल, तर तो बाजारातून हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजेच टीडीआर, विकत घेतो. रस्त्यासाठी, बागेसाठी, शाळेसाठी ज्यांनी महापालिकेला जमीन दिली, त्यांना मोबदल्यात असे हक्क मिळालेले असतात. झोपडपट्टी योजनांतूनही ते तयार होतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये नगरविकास विभागाने मसुदा अधिसूचना काढली. तिच्यानुसार बिल्डरला लागणाऱ्या टीडीआरपैकी पहिले ४० टक्के धारावीतूनच घ्यावे लागतील. शिवाय धारावीच्या टीडीआरला इंडेक्सेशन लागणार नाही. एरवी स्वस्त भागात तयार झालेला टीडीआर महागड्या भागात वापरताना दोन्हीकडच्या रेडी रेकनर दरांच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या जमिनीच्या दरांच्या, प्रमाणात त्याचं क्षेत्र कमी होतं. धारावीच्या बाबतीत ते कमी होणार नाही. इथला एक चौरस फूट महागड्या वस्तीतही पुरा एक चौरस फूट राहणार.

या दोन ओळींची किंमत किती असेल? एका विक्रेत्याला हमखास गिऱ्हाईक मिळालं आणि त्याच्या मालाचं मापही वाढवून मिळालं. त्याचा बोजा कुठेतरी पडणारच. तो मुंबईत घर घेणाऱ्या माणसावर पडेल. ज्या छोट्या जमीनमालकाने रस्त्याला जागा दिली आणि मोबदल्याचा टीडीआर विकायला काढला, त्याच्यावरही पडेल, कारण आता त्याचा नंबर दुसरा. ही तरतूद २०१८ पासूनच होती, असं उत्तर यावर दिलं जातं. असेल. मग २०१८ पासूनची तिची किंमत काढा. शुल्क आणि अधिमूल्य (प्रीमियम) यांत दिलेल्या सवलतींचंही तेच. ‘विशेष प्रकल्प’ म्हटल्यावर सवलत देता येते, हे मान्य. पण प्रत्येक सवलतीसमोर रकमेचा रकाना असतो, आणि तो कोरा ठेवून फाइल पुढे जात नाही.

आता जमिनी. धारावीतली सुमारे २४० हेक्टर जागा आणि रेल्वेची सुमारे ४५ एकर सोडूनच बोलतो. अपात्र ठरणाऱ्यांसाठी कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंडची २५५.९ एकर मिठागरं, देवनार डम्पिंगची १२४ एकर आणि कुर्ल्याच्या मदर डेअरीची सुमारे २१ एकर जागा या प्रकल्पाकडे वळवण्याचे निर्णय झाले. जमिनीची मालकी कंपनीकडे जाणार नाही, ती शासनाच्या प्राधिकरणाकडे राहील, असा खुलासा होतो. ठीक आहे. पण धारावीतून जितकी माणसं बाहेर जातील तितकी धारावीतली जागा मोकळी होईल, आणि धारावी वांद्रे-कुर्ला संकुलाच्या अगदी समोर, मिठी नदीच्या पलीकडे आहे. तिथे मोकळ्या झालेल्या जागेचा फायदा कुणाला, हे कळायला लेखापाल असण्याची गरज नाही. म्हणून मिठागरांच्या जमिनीचा खर्च धारावीच्याच खात्यात लिहायला हवा.

देवनारचा विषय मला झोप येऊ देत नाही. १९२७ पासून मुंबईचा कचरा तिथे पडतोय. जानेवारी २०१६ ची आग आणि तो धूर आम्ही धारावीत बसूनसुद्धा विसरलेलो नाही. तिथला सुमारे १८५ लाख टन जुना कचरा हलवण्यासाठी महापालिकेने मे २०२५ मध्ये २,३६८ कोटींची निविदा काढली. हे पैसे मुंबईकराच्या करातले. जागा स्वच्छ महापालिकेने करायची आणि घरं प्रकल्पाची उभी राहायची, तर त्यातला किती वाटा पुनर्विकासाचा, हे लिहून द्या. आणि पैशापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे तिथे राहायला जाणारी माणसं. कचऱ्याखालची जमीन, तिच्यातून निघणारा मिथेन, झिरपणारं पाणी यांची तपासणी कोण करणार? त्या दाखल्यावर सही कोणाची असणार? माझ्या पुतण्या तिथे वाढणार असतील, तर ती सही मला आधी बघायची आहे.

मिठागरांबद्दलही एक सांगतो. २६ जुलै २००५ ला मुंबईत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मिठी उलटली आणि आम्ही कमरेएवढ्या पाण्यात होतो. भरतीच्या वेळी पावसाचं पाणी सामावून घेणाऱ्या ज्या थोड्या जागा या शहरात उरल्यात, त्यांत मिठागरं येतात. त्या पुरात सापडलेल्यांनाच मिठागरावर वसवायचं, हा निर्णय तज्ज्ञांचा अहवाल लोकांपुढे ठेवल्याशिवाय घेऊ नका.

मुलुंडच्या, कुर्ल्याच्या लोकांनी या निर्णयांविरुद्ध आंदोलनं केली. त्यांच्या पोस्टरवर आमचा उल्लेख ‘लोंढा’ असा वाचला तेव्हा वाईट वाटलं. तरीही माझं त्यांच्याशी भांडण नाही. कुर्ल्याच्या रहिवाशांना त्या जागेवर झाडं राहावीत, बाग व्हावी असं वाटतं. मुलुंडकरांना आपल्या रस्त्यांची, पाण्याची, लोकल गाड्यांमधल्या गर्दीची काळजी आहे. यात चूक काही नाही. आम्हाला धारावी सोडायची नाही आणि त्यांना आम्ही तिथे नको, म्हणजे दोघांचं म्हणणं एकच आहे. ते एकत्र ऐकून घेणारी एक जाहीर सुनावणी झाली असती, तर दोन वस्त्या एकमेकींसमोर उभ्या राहिल्या नसत्या.

ऐकून घेण्याचाच मुद्दा पुढे नेतो. झोपडपट्टी पुनर्वसनात रहिवाशांच्या संमतीची अट असते. धारावीसाठी विकास नियमावलीत वेगळी तरतूद, ३३(१०)(अ), करून ती अट काढून टाकली गेली. म्हणजे इतर झोपडपट्टीत ज्याच्या सहीशिवाय काम पुढे सरकत नाही, त्याची धारावीत सहीच लागत नाही. दुसरीकडे, मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर कारभार प्रशासकाकडे गेला. देवनारसारखी महापालिकेची जमीन देण्याचे निर्णय झाले तेव्हा सभागृहात एकही नगरसेवक नव्हता. आमची संमती नको आणि आमचा प्रतिनिधीही नव्हता. लोकशाहीत इतका मोठा निर्णय असा होऊ नये, एवढं म्हणायला कुठल्याही पक्षाचं असावं लागत नाही, आणि मी नाही.

हिशेब मागायचा तर कोणाकडे, हीही अडचण आहे. प्रकल्प राबवणाऱ्या कंपनीत, म्हणजे आताच्या नवभारत मेगा डेव्हलपर्समध्ये, ८० टक्के वाटा अदानी समूहाचा आणि २० टक्के राज्य शासनाचा. कंपनी कायद्याप्रमाणे सरकारी कंपनी ठरायला किमान ५१ टक्के सरकारी भांडवल लागतं. त्यामुळे महालेखापरीक्षकांचं लेखापरीक्षण इथे आपोआप लागू होत नाही. माहिती अधिकाराचा अर्ज करायचा तरी कंपनी त्या कायद्याखाली येते का, इथूनच वाद सुरू होतो. पण माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात शासनाने भरीव अर्थसाहाय्य दिलेल्या संस्थाही धरल्या आहेत. बांधकामाचे हक्क, सवलतीची जमीन, माफ केलेली शुल्कं या सगळ्यांची बेरीज भरीव नसेल, तर भरीव कशाला म्हणायचं? आणि शासनाचा २० टक्के वाटा आहे, तर त्या वाट्याच्या बळावर शासनाने संचालक मंडळात काय विचारलं, काय नाकारलं, हे आम्हाला कळायला हवं.

पात्रतेच्या नियमांविषयी थोडक्यात. १ जानेवारी २००० पर्यंतच्यांना धारावीत घर. त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतच्यांना अडीच लाख रुपये भरून धारावीबाहेर. पुढे १५ नोव्हेंबर २०२२ पर्यंतच्यांना आणि वरच्या मजल्यांना बाहेर भाडे-खरेदी. मार्च २०२४ मध्ये कमला रमण नगरपासून सर्व्हे सुरू झाला तेव्हापासून गल्लोगल्ली लोक जुन्या पिशव्या उपसून कागद शोधतायत. धारावीतली निम्मी जिंदगी माळ्यावर चालते. भाडेकरू तिथे, कारागीर तिथे, लग्न झालेला मुलगाही तिथेच. वरचे बाहेर गेले की खालच्या धंद्याला हात उरत नाहीत. धंद्याच्या जागेला २२५ चौरस फुटांपर्यंत मोफत गाळा मिळेल. पण कुंभारवाड्याची भट्टी, तेरा कंपाउंडमधलं प्लास्टिकचं वर्गीकरण, चामड्याचं काम हे कुठल्या मजल्यावर बसणार, याचं उत्तर सभेत मिळत नाही. आणि वरळीच्या बीडीडी चाळीत ऑगस्ट २०२५ मध्ये ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. त्यांचं मनापासून अभिनंदन. तेही कामगार, आम्हीही कामगार. प्रकल्प वेगळा, नियम वेगळा, हे मला माहीत आहे. पण ३५० हा आकडा परवडण्याच्या गणितातून आला असेल, तर ते गणित दाखवा. सवलती मोजल्यावर ५०० परवडत असेल, तर ते द्या.

आमच्या मागण्या अशा :

१. प्रकल्पाला दिलेल्या आणि देऊ केलेल्या प्रत्येक सवलतीची श्वेतपत्रिका येत्या अधिवेशनात विधिमंडळापुढे ठेवावी. टीडीआर, इंडेक्सेशनमधली सूट, शुल्कमाफी, जमिनीचे दर, महापालिकेचा देवनारवरचा खर्च, सगळं त्यात असावं. समोर रुपयांत किंमत आणि ती कशी काढली, हेही.

२. प्रकल्पाचं लेखापरीक्षण महालेखापरीक्षकांकडे सोपवावं, आणि कंपनी माहिती अधिकाराच्या कक्षेत असल्याचं शासनाने स्वतः जाहीर करावं.

३. अपेक्षेपेक्षा जास्त नफा झाला तर त्याचा किती भाग रहिवाशांच्या मोठ्या घरांसाठी आणि इमारतींच्या देखभालीसाठी येईल, हे करारात लिहावं.

४. वरच्या मजल्यावरच्या कुटुंबांना धारावीतच घर द्यावं. मीटर एका नावावर आहे म्हणून वरचं कुटुंब नव्हतंच, असं धरू नये. शाळेचा दाखला, मतदार यादी, दवाखान्याचे कागद हे पुरावे म्हणून घ्यावेत.

५. देवनार आणि मिठागरांच्या जमिनी राहण्यायोग्य असल्याचा स्वतंत्र तज्ज्ञांचा अहवाल प्रसिद्ध होईपर्यंत एकाही कुटुंबाला तिथे हलवू नये.

६. २८ मे २०२५ रोजी मंजूर झालेला मास्टर प्लॅन नकाशांसह प्रत्येक सेक्टरमध्ये लावावा. धारावी, कुर्ला, मुलुंड, देवनार इथे जाहीर सुनावण्या घ्याव्यात, मराठीबरोबर हिंदी आणि तमिळमध्येही. घेतलेल्या हरकतीला लेखी उत्तर द्यावं.

७. घर रिकामं करण्याआधी प्रत्येक कुटुंबाशी नोंदणीकृत करार व्हावा. नवं घर कुठे, किती मोठं, कधीपर्यंत, आणि तोवरचं भाडं कोण भरणार, हे त्यात असावं.

यातल्या पहिल्या मागणीला खर्च नाही. आकडे शासनाकडे आहेत, ते एका ठिकाणी आणून बेरीज करायची आहे. लेखा विभागातली चार माणसं बसली तर होणारं काम आहे. बेरीज शासनाच्या बाजूने निघाली, तर वस्तीतला निम्मा विरोध त्याच दिवशी मावळेल आणि मी स्वतः सभेत उभा राहून ते सांगेन. विरुद्ध निघाली, तर सुधारायला अजून वेळ आहे, कारण बहुतेक घरं अजून उभी आहेत.

उत्तर मला वैयक्तिक पाठवू नये. ते शासनाच्या संकेतस्थळावर ठेवावं आणि छापील प्रत लेबर कॅम्पच्या बुद्धविहारात, कुंभारवाड्यात, कोळीवाड्यात, जिथे लोक रोज येतात-जातात तिथल्या फलकांवर लावावी.

कळावे,

आपला,
एक निवृत्त लेखा कर्मचारी
लेबर कॅम्प, धारावी